दहा लाथांच्या कवड्या

सोमवार, ६ मे

डोरीना, तू विसरभोळी. लहानपणी मासेमारीला निघायचीस आणि वल्हं घरी ठेवून यायचीस. लग्नात पाद्रीबाबांनी विचारलं, या पुरुषाचा स्वीकार करतेस का, तर तू आजूबाजूला बघून म्हणालीस, कोणत्या? फोनवर सांगितलेलं तर तुझ्या डोक्यात भरतीच्या पाण्यासारखं येतं आणि ओहोटीला निघून जातं. म्हणून ही वही. भरली की जहाजाने तुझ्या लाए शहरात पाठवीन. कारखान्यात डब्यात मासे भरता भरता जेवणाच्या सुट्टीत वाच, आणि वाचल्यावर वही कुठे ठेवलीस ते विसरू नकोस.

मला अक्षर येत नाही हे तुला ठाऊक आहे. मी बोलते आणि रुता लिहिते. रुता म्हणजे तुझी आत्या, माझी नणंद. चाळीस वर्षं मिशनच्या शाळेत तिने मुलांचे कान पिळले, आता माझं डोकं पिळते. मी सांगते तेच लिहिते की स्वतःचं घुसडते, ते तो वरचा जाणे.

"एलाइता, हेही लिहू?"

"हेही लिही."

आता बातमी. फोनवर नाही सांगता आली, कारण फोन लागतो फक्त टेकडीवरच्या आंब्याखाली, आणि तिथे अख्खं कुयाबू बेट कान टवकारून बसलेलं असतं. तुझ्या लेकीला दिवस गेलेत. नेलिताला पाचवा लागलाय! मला, तिला, तिच्या नवऱ्याला आणि रुताला ठाऊक आहे. आणि आता या वहीला.

गेल्या वर्षीचं तुला मी टेकडीवरून एवढंच सांगितलं होतं, की बाळ राहिलं नाही. तू विचारलंस, मुलगा की मुलगी, आणि फोन तुटला. मुलगा होता. पुऱ्या दिवसांचा, नखंसुद्धा आलेली. रडला नाही. आपल्या रीतीप्रमाणे त्याच दिवशी नीरफणसाखाली ठेवला. नाव नाही, शोक नाही. ज्याला नाव नाही त्याचा मेजवानीत वाटा नाही, आणि ज्याचा वाटा नाही त्याच्याबद्दल बोलायचं नाही. नेलिता आठ दिवस त्या झाडाकडे पाठ करून बसली होती.

या वेळी असं होऊ द्यायची नाही मी. माझ्याकडे बेत आहे, आणि तो सांगताना मला हसू आवरत नाही. मागच्या वेळी पोरगी पोट पुढे काढून गावभर हिंडली. उडणाऱ्या बायकांच्या कानावर गेलं, दुसरं काय? त्या चेटकिणी कुणाचं बरं बघत नाहीत. शेजारच्या तबितावर माझा पहिल्यापासून डोळा आहे. ती अंधारात दिवा न घेता चालते. म्हणून या वेळी कुणाला कळूच द्यायचं नाही. नेलिताला माझा ढगळ ब्लाऊज चढवलाय. त्यात ती आणि आणखी दोन डुकरं मावतील.

दुसरं म्हणजे खाणं. रोज सकाळी मी उथळ पाण्यात जाते आणि माझ्या निळ्या जाळीने इवली मासळी पकडते. अगं, ती जाळी बघायला हवी होतीस! दोन वर्षांपूर्वी सरकारने वाटल्या, माणशी एक, डासांसाठी. डास काय, ते आपल्या बापजाद्यांपासूनचे पाहुणे. पण छिद्रं इतकी बारीक, की मासळीचं पिल्लूही निसटत नाही. नेलिताच्या मच्छरदाणीची मी दोन काठ्यांना शिवून मासळीची जाळी केली, आणि माझी भाजीच्या रोपांवर घातली, कोंबड्या टोच मारतात म्हणून. इतकी सुंदर वस्तू झोपलेल्या माणसावर पसरून वाया का घालवायची? सगळ्या बायका विचारतात, एलाइता, तुला हे सुचलं कसं? मी म्हणते, शाळेत गेले नाही म्हणून.

रुता हे लिहिताना नाक मुरडते आहे.


गुरुवार, १६ मे

नेलिता दोन दिवस कुडकुडत होती. समुद्राचा वारा बाधला. लिंबाच्या पाल्याची वाफ दिली, मासळीचं सार दिलं, ते तिने ओकून टाकलं. आज उठून मळ्यात गेली, म्हणजे उतरलं.

पण खरी गोष्ट वेगळीच! दुपारी तिने माझा हात ओढून पोटावर ठेवला, आणि आतून टुक् झालं. छोटा मासा गळाला तोंड लावून जातो ना, तसं. मी किंचाळलेच. कुंपणापलीकडून तबिताने मान वर केली, "काय झालं गं?"

"खेकडा चावला!"

"मळ्यात?"

"हिंडायला आला असेल!"

नेलिता तोंडात ब्लाऊज कोंबून हसत होती. वर्षभरानंतर ती हसली.


गुरुवार, ३० मे

पुन्हा थंडी वाजून ताप. वारा या वर्षी फार खोडकर आहे. पोरीचे तळहात कसे पांढरेफटक दिसतात, शहाळ्याच्या मलईसारखे. मी म्हटलं, बूबू, तू गोरी होत चाललीस, गोऱ्या बाळाची लक्षणं. (मी तिची बूबू आणि ती माझी बूबू. आजीला आणि नातीला एकच हाक, हे बरं आहे, एकीने मारली की दोघी वळतात.)

रुता म्हणाली, "दवाखान्यातल्या सिस्टरला दाखवू या."

मी म्हटलं, "तू लिहायचं काम कर."


बुधवार, १२ जून

आज माझी फजिती झाली. रुताला म्हटलं उद्या लिहू, तर म्हणाली, नाही, आजच, गरम आहे तोवर.

सामुद्रधुनीपलीकडच्या बोइलावाच्या दवाखान्यातली नवी सिस्टर आली होती, गेउवा नावाची. मोटू जमातीची बाई, हाताने भरभक्कम, आवाजाने त्याहून. चर्चसमोरच्या झाडाला काटा टांगून तिने गावातली पोरं ट्यूना माशांसारखी तोलली. मी नेलिताला चुलीमागे बसवून ठेवलं होतं. सिस्टर सगळं आटपून प्यायला पाणी मागायच्या निमित्ताने सरळ आमच्या पायऱ्या चढली.

"बूबू, तुमच्या ब्लाऊजमध्ये ही पोरगी कशाला लपलीये?"

"लपली कुठे? बसलीये."

"आणि तिच्यात कोण बसलंय?"

तिने नेलिताच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, बोट टोचून रक्ताचा थेंब एका पट्टीवर घेतला, आणि आम्ही सगळ्या त्या पट्टीकडे बघत बसलो. दोन रेघा उमटल्या.

"हिवताप. आणि अंगात रक्त नाही. मच्छरदाणीत झोपते ना ही?"

"आहे की मच्छरदाणी!" मी छाती पुढे काढून म्हटलं आणि अंगणात बोट दाखवलं. बांबूवर वाळत घातलेली माझी जाळी, उन्हात चमकणाऱ्या खवल्यांसकट.

सिस्टर ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जाळीकडे बघत राहिली, मग म्हणाली, "मासे नशीबवान आहेत, बूबू. त्यांना हिवताप होणार नाही."

मग ती पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि तिने मला समजावलं, जसं मी तुला गळ बांधायला शिकवला होता तसं, सावकाश. डास चावतो, ताप येतो, आईच्या अंगातून उतरतो. आपल्याला वाटतं, गेला. पण तो वारेत जाऊन दडतो. वार म्हणजे बाळाची थाळी. तो तिथे बसून बाळाचा घास खातो. बाळ बारीक होतं, दमतं, आणि कधी कधी...

"मागच्या खेपेला ताप आला होता?" तिने नेलिताला विचारलं.

"तीनदा," नेलिता म्हणाली.

"दवाखान्यात आली होतीस?"

नेलिताने माझ्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "मीच नको म्हटलं होतं. बातमी फुटेल म्हणून."

मागच्या वेळी पोट पुढे काढून हिंडली असं मी वर लिहवलंय. ते खरं नाही, डोरीना. मागच्या वेळीही मीच तिला लपवलं होतं, आठव्या महिन्यापर्यंत. रुता, ते खोडू नकोस, तसंच राहू दे, पोरीला कळू दे तिची आई काय चीज आहे.

सिस्टरने शेवटी विचारलं, "घरात आणखी कुणाचं असं बाळ गेलं होतं का?"

मी नाही म्हटलं. रुताने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. रुता, पुढे लिही.


शुक्रवार, १४ जून

जाळी उसवली. सिस्टर नवी मच्छरदाणी देऊन गेली, ती नेलिताच्या चटईवर टांगली. सैलासीला (तुझा जावई, आठवतो ना?) सवय नाही. पहाटे उठून बाहेर पडायला गेला आणि हातापायांसकट गुरफटला. मी म्हटलं, माझ्या जाळीत आजवर सापडलेला हा सगळ्यात मोठा मासा, आणि सगळ्यात मूर्ख. रोपांवरची जाळी धुऊन माझ्यावर घेतली. कोंबड्यांनी लगेच भाजीची मेजवानी केली.

नेलिता हिवतापाच्या गोळ्या घेते, रक्ताच्या गोळ्या घेते. त्यांनी तोंड लोखंड चाटल्यासारखं होतं म्हणते.

गावाला कळलंय. मी दोन दिवस दाराशी बसून उडणाऱ्या बायकांची वाट पाहिली. आली फक्त तबिता, चालत. पाच अंडी आणि भोपळ्याचे कोवळे शेंडे घेऊन.

"खेकड्याला दे," म्हणाली.


गुरुवार, ४ जुलै

काय दिवस गेला, काय दिवस! आम्ही सगळे इंजिनाच्या होडीने बोइलावाला गेलो. सिस्टरने नेलिताचं वजन केलं, दंडाला पट्टा गुंडाळून फुगवला, आणि पोटाला लाकडी कर्णा लावून आतलं ऐकलं. मलाही ऐकवलं! डोरीना, आतून लहान ढोल वाजतो, पळत्या माणसाचा. मी कर्णा सोडेना, तेव्हा सिस्टरने ओढून घेतला.

मग ती सैलासीला म्हणाली, "तुझंही रक्त द्यायचं. एक आजार नवऱ्याकडून बायकोला आणि बायकोकडून बाळाला जातो. दिसत नाही, दुखत नाही, पण बाळ घेऊन जातो." सैलासी शार्क मासा भाल्याने मारतो. सुई बघून दवाखान्यामागच्या केळीत पळाला. मी जाऊन त्याला कानाला धरून आणला. सुई टोचताना हात मी धरला आणि डोळे त्याने मिटले. दोघांचंही रक्त साफ निघालं.

सुपारी बंद, तंबाखू बंद. "आणि तुमचीही विडी हिच्याजवळ नको, बूबू." मला का शिक्षा? पण दिली टाकून. आता तोंड रिकामं राहतं म्हणून जास्त बोलते. रुताची बोटं दुखतात, दुखू देत.

झोपायचं कुशीवर, पाठीवर नाही. मी नेलिताच्या पाठीमागे नारळाचं सोडण लावते. पाठीवर वळली की टोचतं, की पुन्हा कुशीवर.

आता मुख्य गोष्ट ऐक. सिस्टर म्हणाली, आत बाळ आहे, ते बोलू शकत नाही. लाथ मारणं हेच त्याचं बोलणं. सातवा संपत आला की रोज सकाळी खाऊन झाल्यावर आईने कुशीवर निजायचं आणि लाथा मोजायच्या. दहा भरल्या की उठायचं. दोन तासांत दहा भरल्या नाहीत तर वाट बघायची नाही, निघून यायचं. "वारा असो, रविवार असो, डुक्कर कापायचं असो."

तिने रुताला चौकटी आखलेला कागद दिला. रुताची मान काय ताठ झाली! जणू तिलाच दिवस गेलेत. मला कागद कशाला? किनाऱ्यावरून दहा कवड्या वेचून आणल्या, सारख्या आकाराच्या, आणि दोन करवंट्या घेतल्या. लाथ बसली की उजवीकडची कवडी डावीकडे.


शनिवार, २० जुलै

आज दहाच्या दहा कवड्या इतक्या झटपट गेल्या, की माझा चहा निवला नव्हता. आता सकाळी आमच्या ओट्यावर बायकांची गर्दी असते. लाथ बसली की ओरडतात, "चौकार!" जोरात बसली तर "षटकार, चेंडू समुद्रात!" नेलिता म्हणते, अगं हळू, बाळ घाबरेल. घाबरत नाही. ओरडलं की आणखी एक हाणतं. आपल्या घरावर गेलंय.

रुताचा कागद आणि माझ्या कवड्या, रोज ताळा जुळतो. काल तिने अकरा लिहिल्या. मी म्हटलं, एक तुझी, झोपेत डोकं आपटलंस ती.


गुरुवार, २५ जुलै

आज बायका मळ्यात गेल्या होत्या. नेलिता अंघोळीला. रुता आणि मी. तिने चौकटी भरल्या, पेन ठेवलं आणि म्हणाली, "एलाइता, तू सिस्टरला त्या दिवशी नाही म्हणालीस."

मी म्हटलं, "मग?"

"मी होते घरात. तेव्हा मी चौदा वर्षांची होते. मला आठवतं."

तर डोरीना, लिहवते. तुझ्या आधी माझी दोन झाली. पहिली मुलगी, मग मुलगा. दोघं नीरफणसाखाली आहेत. तू त्या झाडावर चढून खेळायचीस आणि मी तुला ओरडायचे, तुला वाटायचं तू पडशील म्हणून.

मुलीच्या वेळी पोट शांत झालं. मी सासूला सांगितलं. ती म्हणाली, बाळ यायच्या आधी विसावा घेतं, तूही घे. मी दोन दिवस विसावा घेतला. मुलाच्या वेळीही तेच. सासू वाईट नव्हती. तिला तिच्या सासूने सांगितलं होतं.

आणि गेल्या वर्षी एका सकाळी नेलिता माझ्याकडे आली आणि म्हणाली, बूबू, हलत नाहीये. मी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हटलं, विसावतंय गं, तूही झोप.

मी म्हटलं, डोरीना. मीच. रुता, लिही. चष्मा नंतर पूस.

तू विसरभोळी आहेस. मी नाही.


गुरुवार, १५ ऑगस्ट

बरेच दिवस लिहवलं नाही, कारण सगळं छान चाललंय, आणि छान चाललेलं सांगायला काय असतं? पोट मोठं झालंय, पण सिस्टर म्हणते बाळ अजून बारीक आहे, तापाने आधी खाल्लेलं भरून यायला वेळ लागतो. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यापासून बोइलावाला दवाखान्याजवळच्या झोपडीत जाऊन राहायचं, असं ठरलंय. मी माझी चटई बांधून ठेवली. रुताने तीन टोप्या बांधल्या. विचारलं तर म्हणाली, बाळ आल्यावर लोक बघायला येतात.


बुधवार, २८ ऑगस्ट (शहरातल्या इस्पितळाच्या व्हरांड्यातून)

रविवारचं आज लिहवते. रविवारी पेन धरायला रुताचे हात रिकामे नव्हते.

जायचं होतं मंगळवारी. रविवारी सकाळी नेलिताने अळकुड्या खाल्ल्या आणि कुशीवर निजली. मी करवंट्या घेतल्या. बायका चर्चची तयारी करत होत्या, ओट्यावर आम्ही तिघीच. एक कवडी गेली. बऱ्याच वेळाने दुसरी. तिसरी गेली की नाही यावर माझं आणि रुताचं भांडण झालं. मग काहीच नाही. मी तिला नारळाचं पाणी पाजलं, पोटावर थोपटलं, गाणं म्हटलं. रुता घड्याळ बघत होती, मी रुताचं तोंड बघत होते.

"दोन तास," रुता म्हणाली.

नेलिताने डोळे उघडले. "बूबू, विसावतंय का गं?"

मी इतक्या जोरात उठले की करवंट्या उलटल्या. कवड्या ओट्याच्या फळ्यांमधल्या फटींतून खाली गेल्या. मी ओरडले, इतकी ओरडले की चर्चची घंटा वाजवणारा थांबला.

इंजिनाची होडी शेजारच्या बेटावर, गायनाच्या मेळाव्याला गेलेली. सैलासी धावत आला. "दुपारी परत येईल ना ती. वारा बघ केवढा आहे. तोवर पडून राहू दे तिला—"

"तोवर?" मी म्हटलं. "मी तीनदा थांबलेय पोरा. चौथ्यांदा तू थांब, आम्ही निघालो."

तेवढ्यात कुंपणापलीकडून तबिता आली. काय झालं तेही विचारलं नाही. तिची उलांडीची होडी या बेटावर सगळ्यात वेगवान. शीड खांद्यावर टाकूनच आली होती. "उचला तिला."

डोरीना, तू आग्नेयेचा वारा विसरली असशील, कारखान्यात वारा कुठला. पाणी पांढरं झालेलं. मधल्या फळ्यांवर नेलिता डाव्या कुशीवर, तिच्या पाठीला मी, सोडणासारखी. सैलासी होडीच्या बाजूला बांधलेल्या उलांडीच्या लाकडावर उभा, होडी उलटू नये म्हणून अंग बाहेर टाकून. रुता रविवारच्या पोशाखात, आणि होडीत पाणी यायला लागलं तेव्हा करवंटी कुठे? घरी! शेवटी तुझी आत्याही आपल्याच घरची. तिने डोक्यावरची चर्चची टोपी काढली, रेशमी फुलाची, आणि टोपीने पाणी उपसायला लागली. "पाहा! म्हणून तीन बांधल्या!" असं ओरडली. आणि सुकाणूवर तबिता, दात विचकून. होडी लाटेवरून सुटली की खाली पाणीच नसायचं. मी तिच्यावर वर्षानुवर्षं संशय घेतला. काही चूक नव्हतं माझं. ती उडतेच! अख्खी होडी घेऊन उडाली!

माझ्या मुठीत तीन कवड्या होत्या. मी नेलिताच्या कानात सांगत होते, "चौथी दे गं, एक चौथी दे." तिने माझा अंगठा धरून ठेवला होता, लहानपणी धरायची तसा.

सिस्टर किनाऱ्यावर गुडघाभर पाण्यात आली. वाळूवरच कर्णा लावला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत. तिने ऐकलं, पुन्हा ऐकलं.

"आहे," म्हणाली. "आहे, पण दमलंय. चला."

दवाखान्याची दोन इंजिनांची होडी, मग शहर, मग चाकांची खाट, आणि एक दार माझ्या तोंडावर बंद झालं. ऊन अजून व्हरांड्यात होतं. रुताने वाचून दाखवलं, दारावर काय लिहिलंय ते. मी म्हटलं, मला वाचायचं नाही, मला ऐकायचंय.

आणि मग ऐकलं! डोरीना, मांजरीच्या पिल्लाइतका आवाज, पण केवढा राग त्या आवाजात! मी उडी मारली. मी, या गुडघ्यांनी! रुता आणि तबिता एकमेकींच्या गळ्यात, सैलासी भिंतीला टेकून खाली बसला, जणू पुन्हा सुई टोचली.

मुलगी आहे. दोन किलोला थोडी कमी. तू रोज डब्यात भरतेस त्या ट्यूना हिच्यापेक्षा मोठ्या असतील. डॉक्टर बाहेर आला, हातमोजे काढत म्हणाला, "अर्धा दिवस उशीर झाला असता तर..." आणि पुढचं न बोलता गेला. पुढचं मला ठाऊक होतं.

बाळाला काचेखाली ठेवलंय. पाय सतत हलवते. मी काचेबाहेर बसून तीन कवड्या इकडच्या तिकडे करते. किती झाल्या ते मोजत नाही, नुसती करते. नर्स म्हणाली, आजी, आता मोजायची गरज नाही. मी म्हटलं, तुझं काम तू कर, पोरी.


सोमवार, १६ सप्टेंबर

घरी आलो. बाळ दूध पिते, वाढते, आणि मच्छरदाणीत आईशेजारी झोपते. मला आत घेत नाहीत, कारण मी घोरते. रुताची टोपी वाळवली, पण फुलाचा कोबी झालाय. तबिताने आपली मच्छरदाणी भाजीवरून काढली, बाकीच्या बायकांनीही. आता सगळ्या म्हणतात, एलाइता, तुला हे सुचलं कसं? मी म्हणते, मासे हसायला लागले म्हणून.

काल संध्याकाळी नेलिता नीरफणसाखाली जाऊन बसली. झाडाकडे पाठ करून नाही. मी शेजारी जाऊन बसले आणि तिला ते सांगितलं, जे तुला या वहीत आधीच सांगितलंय, तिन्ही वेळचं. मला वाटलं, उठून जाईल. तिने बाळाचं टोपरं सारखं केलं. मग बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि म्हणाली, "बूबू, तिघांना नावं देऊ या."

आपल्यात असं कुणी केलेलं नाही. म्हातारे काय म्हणतील? पण विचार केला, जे म्हणतील ते माझ्यापेक्षा लहानच आहेत. तर दिली. माझी मुलगी वेलेमा. माझा मुलगा एनोसी, तुझ्या वडिलांचं नाव. नेलिताच्या मुलाचं नाव तिने ठेवलंय. ते ती तुला टेकडीवरून स्वतः सांगेल, सगळ्या बेटाला ऐकू जाईल असं ओरडून. आणि ही काचेतली भांडखोर, तिचं नाव गेउवा तबिता. दोघींनाही राग आला, आपलं नाव मागे किंवा पुढे आलं म्हणून. म्हणजे बरोबर ठेवलंय.

ऑक्टोबरच्या शेवटी मेजवानी. डुक्कर सैलासीचं, कोनफळं सगळ्या गावाची. वाटे घालताना नाव घेऊन हाक मारायची असते, ती मी मारणार. चार हाका.

आता वही बंद करते आणि जहाजावर देते. काय पाठवायचं ते नीट वाच, बोटावर घे, दोऱ्याची गाठ मार, काय हवं ते कर, पण विसरू नकोस. डब्यातली मासळी पाठवू नकोस, ती इथे कोंबड्याही खात नाहीत. कडक बिस्किटांचा मोठा डबा पाठव, साखर पाठव, रुताच्या टोपीसाठी काही नको, ती मागेल. आणि तांदूळ चार जणांचे वाटे होतील एवढा पाठव, एका बाळाचा नाही. हात सैल ठेवून पाठव. तिघं फार दिवसांचे उपाशी आहेत.